कुष्ठधामातल्या आजींच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत, तयारी काय करावी?

माळरान (धागाकर्ता)

विदर्भातल्या एका जुन्या कुष्ठधामातल्या आजी बोलायला तयार झाल्या आहेत. वय चौऱ्याऐंशीच्या आसपास. बारा-तेरा वर्षांच्या असताना आल्या, त्या तिथल्याच झाल्या. वसाहतीच्या दप्तरासाठी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून लिहून काढायचं आहे. अडचणी अशा:

साल सांगत नाहीत. सुया, पांढरी गोळी, "लाल लघवीचं औषध" सगळं एका दमात येतं, क्रम लागत नाही.

हाताला बोटं जवळजवळ नाहीत. संमतीपत्रावर सही नाही, अंगठाही नाही. मग काय घ्यायचं?

एका बैठकीत किती वेळ बोलतं ठेवावं? आणि लग्न, मूल, घरचे हे विषय काढावेत की नाही?

कडूकवठ

क्रम औषधांवरूनच लावा. रुग्ण साल विसरतो, औषध विसरत नाही.

सुया म्हणजे बहुतेक कडू कवठाचं, म्हणजे चालमोगऱ्याच्या जातीचं तेल. दाट तेल, जाड सुई, कुल्ल्यात किंवा दंडात. चट्ट्यातच जागोजागी टोचण्याचीही रीत होती. जागा सुजायची, कधी पिकायची. त्यामुळे "गळू झालं", "आठवडाभर बसता आलं नाही" असं आलं की ते तेलच समजा. आजी १९५३-५४च्या सुमारास आल्या असतील, तर या काळाचं शेपूट त्यांनी पाहिलेलं असणार.

पांढरी गोळी म्हणजे डॅप्सोन, रुग्णांच्या तोंडी डीडीएस. भारतात ती १९४०च्या दशकाच्या शेवटी आली आणि पन्नाशीत पसरली. सुरुवातीला थोडी-थोडी देऊन मात्रा वाढवत नेत, आणि मग वर्षानुवर्षं, कित्येकांना जन्मभर. इथे एक प्रश्न जरूर विचारा: गोळी मध्येच कधी सोडली का, आणि का? उपचार चालू असताना अंगावर लाल दुखऱ्या गाठी, ताप, नसांत कळा असा उठाव येतो. त्याला रिॲक्शन म्हणतात. पुष्कळांना वाटायचं, गोळीनंच रोग वाढवला, आणि ते गोळी उशाखाली सारायचे. पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, त्यात या अर्धवट उपचारांचाही हात होता.

लाल लघवी म्हणजे रिफाम्पिसिन, बहुविध औषधोपचारातलं. जागतिक आरोग्य संघटनेनं तो १९८१मध्ये सुचवला, आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रम १९८३पासून. जास्त जंतूंच्या रुग्णाला महिन्यातून एकदा समोर बसवून रिफाम्पिसिन ६०० मिलिग्रॅम आणि क्लोफाझिमीन ३००. मग रोज घरी डॅप्सोन १०० आणि क्लोफाझिमीन ५०. २८ दिवसांचं पाकीट. लघवी लाल व्हायची ती त्या महिन्याच्या मात्रेनंतर. क्लोफाझिमीननं कातडी काळपट-तांबूस पडते आणि औषध थांबल्यावर काही महिन्यांनी निवळते. "काळी पडले, लोक ओळखेनात" असं बोलल्या, तर ते याच काळातलं.

काळ ठरवायच्या बाकी खुंट्या विदर्भातल्याच वापरा. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा सोहळा (१४ ऑक्टोबर १९५६) आधी की नंतर? खरेदी आण्यात होती की नव्या पैशांत? नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले. महाराष्ट्र झाला तेव्हा त्या कुठल्या खोलीत राहायच्या? आसपासच्या संस्थाही विचारा. वर्ध्याजवळचं दत्तपूर मनोहर दिवाणांनी १९३६मध्ये सुरू केलेलं, बाबा आमट्यांचं काम १९४९पासूनचं. रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे जात, त्यामुळे आठवण "इथली" म्हणून सांगितली तरी ती दुसऱ्या वसाहतीची असू शकते.

पाणीतेल

बैठकीचं सांगतो. चाळीस मिनिटं पुरे, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी बसण्याची पद्धत बदलायला लावा. तळपायाला संवेदना नसली तर अवघडलंय हे त्यांना कळणारच नाही, दाबानं घोटा किंवा टाच मात्र खराब होते. मांडी घालून बसवू नका, टेकायला पाठ असलेली खुर्ची द्या. पापणी पूर्ण मिटत नसेल तर तोंडावर खिडकीचा उजेड आणि पंख्याचा वारा दोन्ही नको. बुबुळ कोरडं पडून जखम होते. पंखा बंद असला की आवाजही स्वच्छ येतो. चहा स्टीलच्या पेल्यात देऊ नका. कानाचा कप, तोही कोमट.

नाकाचं हाड बसलेलं असेल तर आवाज गेंगाणा येतो. माईक तोंडासमोर न धरता छातीशी, वीतभर खाली, पदरात अडकणार नाही असा लावा. पदर माईकला घासला तर तासभराचं काम वाया जातं.

त्यांच्या पाणी-तेलाच्या वेळेवर बैठक ठेवू नका. उलट परवानगी घेऊन त्याचंच चित्रण करा, दप्तराला त्याच्याइतकं मोलाचं काही नाही. पाय वीस-तीस मिनिटं साध्या पाण्यात; कोमटही नको, कारण चटका कळत नाही. मग खरबरीत दगडानं फक्त जाड झालेली, मेलेली कातडी घासायची. बोटांच्या बेचक्या टिपायच्या, आणि तळवा ओलसर असतानाच तेल लावायचं म्हणजे ओल आत राहते. कोरड्या पायाला तेल चोपडून उपयोग नाही, भेगा तशाच राहतात. चपलेचं तेवढंच पाहा: आतून मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचं) रबर, तळ कडक, मागे पट्टा, आणि एकही खिळा नाही. खिळा वर आला तर दिवसभर टोचत राहील आणि कळेल संध्याकाळी, मोज्यावर रक्त दिसल्यावर.

"बोटं कधी झडली?" असं विचारू नका. बोटं झडत नाहीत. बधिर हाताला भाजतं, कापतं, जखम चिघळते, हाड आतून झिजत जातं. रात्री उंदीर कुरतडायचे, हेही खरं आहे. म्हणून काही वसाहतींत मांजरं पाळत. "हाताला पहिली जखम कशानं झाली?" असं विचारा. बहुधा तवा किंवा कंदिलाची काच निघेल. हातावर शस्त्रक्रिया झाली का, तेही विचारा. वाकडी बोटं सरळ करायचं काम दक्षिणेत वेल्लोरला पॉल ब्रँड आणि पुण्यात कोंढव्याला डॉ. अंतिया यांनी रुजवलं.

माळरान

फार उपयोगी. एक नवा प्रश्न: आजी म्हणतात, "पोलिसांनी धरून आणलं." हे होऊ शकतं का?

तिसरापान

होऊ शकतं. १८९८चा लेपर्स ॲक्ट होता. सरकार अधिसूचना काढेल त्या भागात तो लागू व्हायचा. भीक मागणाऱ्या किंवा उपजीविकेचं साधन नसलेल्या कुष्ठरुग्णाला पोलिसांना वॉरंटशिवाय पकडता येई. तपासणी करून, मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं त्याची रवानगी आश्रयस्थानात होई. अशा भागात रुग्णाला खाण्याचे पदार्थ विकायला, ठरवून दिलेल्या विहिरी-तळ्यांवर पाणी भरायला आणि रेल्वे सोडून भाड्याच्या गाडीत बसायला बंदी घालता येई. केंद्राचा हा कायदा रद्द झाला २०१६मध्ये!

म्हणून आजींना पोलिसांच्या पोशाखाबद्दल न विचारता कागदाबद्दल विचारा. कुठल्या कचेरीत उभं केलं? डॉक्टरनं कपडे काढून पाहिलं? कुणी काही वाचून दाखवलं? घरात आई-बाप असलेली मुलगी या कायद्यात सहसा बसत नाही, तेव्हा गावानं पाटलाकरवी बाहेर काढलं असण्याची शक्यताही उघडी ठेवा.

मुंबईचं उदाहरण वाचनात ठेवा. पालिका आयुक्त ॲकवर्थ यांनी १८९०मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभारलं. शाळिग्रामांबरोबर पोवाडे गोळा करणारे हेच ॲकवर्थ. शाहिरांचं बोलणं टिपलं, आश्रयस्थानातल्यांचं राहून गेलं.

नवऱ्याचा विषय आजींनी काढला तरच पुढे न्या. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९मध्ये काढलं. काही संस्थांत लग्नाआधी नसबंदीची अट असे, काही ठिकाणी निरोगी बाळ आईपासून वेगळं ठेवत. पहिल्या बैठकीत हे नकोच.

कडूकवठ

संमतीचं राहिलं. अंगठ्याचा हट्ट धरू नका, आधारच्या यंत्रापुढे या लोकांचं पुरेसं झालंय. संमती आवाजातच घ्या: तारीख, ठिकाण, कशासाठी, कोण ऐकणार, नाव घालायचं की नाही, फोटोत हात-चेहरा चालेल का, नंतर काढून टाकायला सांगता येईल का. प्रत्येक प्रश्न वेगळा, प्रत्येकाला त्यांचं उत्तर. वसाहतीतला त्यांच्या विश्वासातला एक साक्षीदार, त्याची सही.

नावाचं जपून. भावंडांची लग्नं मोडू नयेत म्हणून पुष्कळांनी इथे आल्यावर नाव आणि गाव बदललं. जुनं नाव रेकॉर्डिंगमध्ये आलं तर मूळ फाइल कुलपात ठेवा आणि लिहिलेल्या प्रतीत ते गाळा. गावाऐवजी फक्त जिल्हा घाला. पुतण्या-नातवंडांना आजी हयात आहेत हे ठाऊकच नसतं, अशीही घरं आहेत. त्यांच्याशी परस्पर संपर्क साधायचा नाही, आजींनी पत्ता दिला तरी दोनदा विचारायचं.