ट्रॅव्हल ट्रेलरचे व्हील बेअरिंग: लांबच्या ट्रिपआधी उघडून बघायचे की नुसतं ग्रीस मारून निघायचं?

माळरान_डॅलस
मंडळी, शाळा सुटल्या की आम्ही ट्रेलर घेऊन डॅलसहून यलोस्टोनला निघतोय. हायवे २८७ ने अमारिलो, पुढे रॅटन पासचा घाट, डेन्व्हर, कॅस्पर, कोडी असा रूट आहे, एका बाजूने १३०० मैलांच्या आसपास. ट्रेलर सेकंडहँड घेतलाय, दोन अ‍ॅक्सल, प्रत्येकी ३५०० पौंडी, इलेक्ट्रिक ब्रेक. आधीच्या मालकाकडे बेअरिंगच्या कामाचा एकही कागद नाही, "दरवर्षी ग्रीस मारत होतो" एवढंच म्हणाला. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या ज्या भागात बेअरिंग बसतं त्याच्या, टोपणावर रबरी बूच आहे, ते काढलं की आत ग्रीस निप्पल दिसतं. मित्र म्हणतो गनने ग्रीस मार आणि निघ. मी गाडीचे ब्रेक पॅड घरीच बदलतो पण हब कधी उघडलेला नाही. आईबाबा पुण्याहून येतायत, पोरं सोबत, तेव्हा वायोमिंगच्या माळावर चाक निखळलेलं नकोय. उघडू का? आणि उघडलं तर बघायचं काय?

हातोडा_ओहायो
उघडा. जुना ट्रेलर, कागद नाही, म्हणजे आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही असं धरून चाला. अ‍ॅक्सल बनवणाऱ्या डेक्स्टर कंपनीच्या मॅन्युअलमध्येच वर्षातून एकदा किंवा १२,००० मैल, जे आधी होईल तेव्हा, असं दिलंय, आणि तुमच्या ट्रिपमध्ये जाऊन येऊन २६०० मैल तसेच होणार.

आधी चाक उचलून बघा. जॅक फ्रेमला लावा, अ‍ॅक्सलच्या नळीला नको, ती वाकते, आणि खाली जॅक स्टँड हवंच. चाक हाताने फिरवा, खरखर येते का ऐका, मग वर-खाली धरून हलवा. खडखड प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर नट सैल झालाय नाहीतर बेअरिंग गेलंय. मग टोपण, स्प्लिट पिन, नट, वॉशर काढा. हब बाहेर ओढताना बाहेरचं बेअरिंग हातात पडतं, मातीत पडू देऊ नका. आतलं बेअरिंग सीलच्या (ग्रीस मागून बाहेर येऊ न देणाऱ्या कडीच्या) मागे असतं, सील काढलं की ते नवंच लावायचं, जुनं परत बसवायचं नाही.

सगळं ग्रीस धुऊन काढा आणि उजेडात धरा. रोलर निळसर किंवा तपकिरी पडलेत म्हणजे तापलेत. रेसवर, म्हणजे हबमध्ये ठोकून बसवलेल्या कपवर, नख फिरवा, खड्डा किंवा पापुद्रा लागला की कोन (बेअरिंगचा रोलरवाला भाग) आणि कप दोन्ही बदला, नुसता एक नाही. ३५०० पौंडी अ‍ॅक्सलला बहुतेक आत ६८१४९ आणि बाहेर ४४६४९ नंबरचं असतं, पण ऑर्डर करण्याआधी जुन्यावरचा नंबर वाचून घ्या. कोन कुठल्या चाकाचा हे चिठ्ठी लावून ठेवा, प्रत्येक कोन आपल्याच कपमध्ये परत गेला पाहिजे.

सह्याद्री_ह्यूस्टन
एवढं कशाला? त्या निप्पलसाठीच तर लोक जास्तीचे पैसे मोजतात. माझ्या ट्रेलरला दर सीझनला गनने मारतो, चाक फिरवत हळूहळू, बाहेरून नवीन ग्रीस आलं की थांबतो. सगळं ठणठणीत आहे.

हातोडा_ओहायो
@सह्याद्री_ह्यूस्टन तुम्ही चाक फिरवत हळू मारता ते बरोबरच आहे, पण त्याने बेअरिंग दिसत नाही ना. नवीन ग्रीस खराब रोलरवरूनही तसंच बाहेर येतं. आणि सील जुनं असेल किंवा कुणी घाईत दाबून मारलं तर ग्रीस मागून निघून ब्रेकच्या ड्रममध्ये जातं, लायनिंग भिजलं की ब्रेक शू बदलण्यावाचून इलाज नाही. पुढे रॅटनचा उतार आहे, तिथे एका बाजूचा ब्रेक नसलेला ट्रेलर मला तरी नको. हब बाहेर आला की शू आणि मॅग्नेट (इलेक्ट्रिक ब्रेकचं चुंबक) दोन्ही बघून होतात, उघडण्याचा अर्धा फायदा तोच.

उसाचीगाडी_कराड
अमेरिकेतलं मला माहीत नाही, पण आमच्याकडे गाळप हंगामाआधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे हब उघडतात, तिथे पण हेच टेपर बेअरिंग असतं म्हणून लिहितोय. ग्रीस भरताना बोटाने वरून फासू नका. तळहातावर लाडवाएवढा गोळा घ्या आणि कोनची रुंद कड त्यात दाबत रहा, दुसऱ्या बाजूने रोलरच्या मधून ग्रीसचे कोंब बाहेर आले पाहिजेत, मग थोडं फिरवा, परत दाबा, असं पूर्ण गोल. आणि जुनं ग्रीस कुठलं ते माहीत नसेल तर त्यात नवीन मिसळू नका, सगळे ग्रीस एकमेकांशी जमत नाहीत, पातळ होऊन वाहून जातं. आणि काम चालू असताना आत वाळूचा कण जायला नको, चिंधीसुद्धा स्वच्छ लागते.

माळरान_डॅलस
मनापासून धन्यवाद सगळ्यांना. शनिवारी चारही चाकं उघडतो. दोन गोष्टी राहिल्या. नट किती आवळायचा? आणि रस्त्यात काय बघत जायचं?

हातोडा_ओहायो
हब फिरवत फिरवत नट ५० फूट-पौंडापर्यंत आवळा, म्हणजे सगळं नीट बसतं. मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करा आणि परत फक्त बोटांनी टेकवा. पिन जात नसेल तर भोक जुळेपर्यंत किंचित मागे घ्या, पुढे आवळू नका. अगदी बारीक प्ले राहिलाच पाहिजे, कारण गरम झाल्यावर धातू वाढतो आणि घट्ट केलेलं बेअरिंग स्वतःलाच जाळतं. स्प्लिट पिन नवी लावा. चाकाचे नट टॉर्क रेंचने, आकडा तुमच्या मॅन्युअलमधून, आणि निघाल्यावर १०, २५ आणि ५० मैलांवर परत बघा.

रानवाट_डेन्व्हर
रस्त्यासाठी एक इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, महाग नसतं. पेट्रोल भरायला थांबलात की चारही हबवर एकाच जागी रोखून बघा. आकडा किती आहे त्यापेक्षा चारांमध्ये फरक किती ते महत्त्वाचं, तीन एकसारखे आणि चौथा बराच गरम असेल तर तिथून पुढे जाऊ नका. फक्त लांब उतार उतरून लगेच मोजू नका, तेव्हा ब्रेकमुळे सगळेच तापलेले असतात, थोडं सपाटीवर चालवून मग मोजा. एक जास्तीचा बेअरिंग सेट, दोन सील, पिना आणि ग्रीसचा डबा सोबत ठेवा. कॅस्परच्या पुढे शोशोनी, थर्मोपोलिसकडे गावं लांब लांब आहेत, रविवारी पार्ट मिळेल या भरवशावर राहू नका.

माळरान_डॅलस
सील आणि पिना आत्ताच मागवल्या, चार चाकांच्या आणि दोन जास्तीच्या. बेअरिंगचे नंबर शनिवारी वाचून इथेच टाकतो, फोटोसकट, एखादा कप शंकास्पद वाटला तर बघून सांगा.