अनुभव धागा : गोव्यातला तुमच्या सायकलीचा रस्ता

परवा पहाटे दारावरून पदेर, म्हणजे पाववाला, गेला. आमच्या वाड्यावर येणारा तो शेवटचा सायकलवाला पदेर आहे, आणि त्या दिवशी त्याच्या भोंग्यामागोमाग साखळीची करकर ऐकू आल्याबरोबर मला वडिलांची सायकल आठवली. ते नार्व्याहून पणजीला कामावर जात. नार्व्याच्या फेरीने दिवाडी बेटावर उतरायचे, बेट ओलांडून रायबंदरच्या फेरीत चढायचे आणि तेथून मांडवीकाठच्या जुन्या सेतुमार्गाने पणजी गाठायची, असा त्यांचा रोजचा क्रम होता. सुट्टीत कधीतरी ते मला पुढच्या दांड्यावर बसवून नेत. हा सेतुमार्ग पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिश याने 1633-34 मध्ये बांधून घेतला, त्याची लांबी सुमारे 3 किलोमीटर आहे, हे मी पुष्कळ नंतर वाचले. तेव्हा मला एवढेच कळत होते की एका हाताला नदी आहे, दुसऱ्या हाताला मिठागरे आहेत आणि वडिलांचा श्वास माझ्या मानेवर येतो आहे.

गेल्या रविवारी मी तो रस्ता उलट दिशेने केला. दिवाडीत पिएदादच्या टेकडीचा चढ सोडला तर सारे सपाट आहे. रस्ता खाजन शेतांमधून जातो आणि ही शेते भरतीच्या पाण्यापेक्षा खोल असल्याने त्यांचे रक्षण बांध आणि मानस (पाण्याची झडप) करतात. मानसीची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने मिटतात व ओहोटीला आपोआप उघडतात. ते पाहत मी पाऊण तास एका जागी उभा राहिलो. नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या पायरीवर बसून डबा खाल्ला. शिवाजी महाराजांनी 1668 साली जीर्णोद्धार केलेल्या या देवळाचे मूळ स्थान दिवाडीवर होते, म्हणजे देवानेही नदी ओलांडली आहे. तुमचा रस्ता कोणता, ते सविस्तर लिहा.

वाळपईहून

केरी सोडतानाच दोन्ही बाटल्या भरून घ्याव्यात. अंजुणे धरणाचे पाणी दिसू लागले की चोर्ल्याचा घाट सुरू होतो. धरण प्रथम बाजूला असते, मग खाली जाते आणि शेवटी झाडांतून चमकणारा एक तुकडा तेवढा उरतो. किती चढलो हे मी त्यावरूनच ओळखतो. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवर आहे. मागच्या चक्रात 34 दात्यांचा गिअर असेल तर बसून चढता येते. मी पहिल्यांदा 25 दात्यांवर गेलो आणि दोन वळणे चालत काढली. उतरताना मात्र माझी खरी चूक झाली. सतत ब्रेक दाबून ठेवल्यामुळे रिम हात लावता येऊ नये इतकी तापली. वळणापूर्वी जोरात आणि थोडा वेळ ब्रेक लावावा, मग सोडून द्यावा, हे एका वयस्कर स्वाराने मला थांबवून समजावले आणि त्यांचे ऋण मी विसरलेलो नाही. पावसाळ्यात दरडी येतात, तेव्हा मी तिकडे जात नाही.

म्हापशाहून

केरी म्हणजे नेमके कोणते केरी, ते कृपया लिहावे. मी एकदा पेडण्याच्या केरीत पोहोचून घाट कोठे आहे हे विचारत होतो.

वाळपईहून

सत्तरीतले केरी, साखळी गावाच्या पुढचे. पेडण्याचे केरी तेरेखोलच्या मुखावर आहे आणि फोंड्याचे विजयादुर्गेचे. तिन्ही केरी सायकलीने करण्यासारखी आहेत, पण एका दिवसात नव्हे.

डिचोलीहून

मला हे लिहिताना थोडे जड जाते आहे. आमच्या भागातल्या रस्त्यावर लहानपणी सायकल घेऊन जाण्यास सक्त मनाई होती, कारण खनिजाचे ट्रक एकामागून एक धावत आणि पावसाळ्यात त्या लाल धुळीचा निसरडा चिखल होई. 2012 साली खाणी बंद झाल्या. माझ्या थोरल्या भावाचा ट्रक दारात उभा राहिला, त्याच्यावर बँकेचे कर्ज होते आणि घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. त्याच महिन्यांत मी प्रथमच भावाची जुनी सायकल काढून मये तळ्यापर्यंत गेले. रस्ता मोकळा होता, झाडांची पाने पावसाने धुऊन हिरवी झाली होती, आणि मला झालेला आनंद मी घरी कोणाला सांगू शकले नाही. आजही तळ्याच्या वळणावर मला दोन्ही गोष्टी एकदम आठवतात.

पणजीहून, धागाकर्ता

डिचोलीच्या ताई, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत. वडिलांच्या वेळी नार्व्यापलीकडच्या खनिज वाहणाऱ्या बार्जेस आम्ही मोजत असू. त्या बार्जेसवर कोणाचे घर चालते हा विचार मनात कधी आला नव्हता.

काणकोणहून

किनारा म्हणजे सपाट रस्ता, असे समजून येणाऱ्यांना विनंती आहे की बेतूलपासून काब द रामवरून आगोंदपर्यंत एकदा यावे. साळ नदीचे मुख मागे पडताच रस्ता सड्यावर चढतो, काणागिणीला उतरतो, पुन्हा खोल्याच्या सड्यावर चढतो आणि आगोंदला समुद्र भेटवून परत वर नेतो. एकही चढ मोठा नाही, परंतु सावली नसलेल्या जांभ्या दगडाच्या पठारावर दहा वाजल्यानंतर तो दुप्पट वाटतो. याउलट करमल घाटात दाट सावली आहे, पण तेथे राष्ट्रीय महामार्गाची वाहतूक आणि आंधळी वळणे आहेत, म्हणून मी तो रस्ता कोणाला सुचवणार नाही.

वाऱ्याचेही सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटेचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. ऊन चढले की तो उलटतो आणि दुपारी वायव्येकडून येतो. त्यामुळे उत्तरेकडचा प्रवास सकाळी उरकावा आणि दक्षिणेकडे परतताना वारा पाठीशी घ्यावा. आणि घरी आल्यावर साखळी पुसून तेल द्यावे, कारण खारी हवा तिला एका आठवड्यात गंज चढवते.

मडगावहून

तेल देण्याबाबत पूर्ण सहमत आहे. मी 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेत (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत) साडेतेरा तासांच्या मुदतीपैकी चाळीस मिनिटे गंजलेल्या कडीपायी गमावली. शेवटच्या थांब्यावर भाजी-उंडो खाल्ला आणि वेळेत पोहोचलो.

रिवणहून

मी सायकल शेहेचाळिसाव्या वर्षी शिकले, मुलीच्या सायकलीवर, अंगणात. आता दर गुरुवारी जांबावलीच्या दामोदरापर्यंत जाते आणि जमले तर उलट दिशेने नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीपर्यंत. कुशावतीचे खोरे घाटासारखे दमवत नाही. रस्ता हळूहळू चढतो आणि कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, शिरलात की हवा एकदम गार होते. मात्र त्या सावलीतच धोका आहे. पाऊस ओसरल्यावरही तेथे डांबरावर शेवाळ राहते, वर पोफळीची झावळी पडलेली असते, आणि मी गेल्या भाद्रपदात अशाच एका वळणावर पडून मनगट मोडून घेतले. शेवाळावर हँडल वळवू नये, ब्रेक दाबू नये, सरळ जाऊ द्यावे.

उसगाळीमळला नदीकाठच्या जांभ्यावर कोरलेली प्राचीन चित्रे आहेत. तेथे सायकल झाडाला टेकवून मी बैलांच्या आकृती बोटाने हवेत गिरवल्या, कारण दगडाला हात लावणे योग्य नाही. मोटारीतून मी तो फाटा कितीदा ओलांडला असेन, पण वळावे असे कधी वाटले नव्हते.

फोंड्याहून

धागाकर्त्यांना विचारायचे होते की वडिलांची ती सायकल अजून आहे का. जुन्या सायकलींचे टायर मिळत नाहीत असे मला एका दुकानात सांगितले गेले.

पणजीहून, धागाकर्ता

आहे. नार्व्याला धाकट्या भावाकडे पडवीत टांगलेली आहे. टायर 28 इंची, दीड इंच रुंदीचा आहे आणि तो अजून मिळतो. दुसऱ्या दुकानात विचारावे. गेल्या रविवारी मी ती खाली काढून हवा भरली, तेव्हा वडिलांनी खाटेवरूनच मागच्या चाकात थोडी अधिक भरायला सांगितली.