आठव्या अनुसूचीइतकंच घरही महत्त्वाचं

सांकेतिक भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत घाला, मग शाळांना ती शिकवावीच लागेल, अशी मागणी या चर्चेत होतेय. नुसतं अनुसूचीत गेल्यानं तशी सक्ती होत नाही, तरी मागणी रास्त आहे, माझाही पाठिंबा. पण शाळांपुरता कायदा आधीच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम १७ सांगतं की सांकेतिक भाषा आणि ब्रेल येणारे शिक्षक तयार करा, नेमा. त्यात दिव्यांग शिक्षकही आले. अडलंय ते नेमणुकीत.

आणि घराबद्दल इथे कुणीच बोललं नाही. आम्ही लातूरकडचे. माझी पुतणी जन्मतः कर्णबधिर. पहिल्या शाळेत ओठ वाचायला लावायचे, हात हलवले की बाकाखाली ठेवायला सांगायचे. नवव्या वर्षी ती निवासी शाळेत गेली आणि खुणा शिकली, त्याही मोठ्या मुलींकडून. त्या वर्षी येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, घरी आली. शेतात अंबील पिता पिता भराभर हातांनी काहीतरी सांगत होती आणि आम्ही पंधरा माणसं नुसती हसून माना हलवत होतो. मध्येच तिनं हात मांडीवर ठेवून दिले. ते अजून टोचतं मला. पुढे वहिनी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशाचे व्हिडिओ मोबाइलवर बघत शिकली (२०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत), पण तोवर लेकीची नऊ वर्षं गेली होती. म्हणून निवेदन देणार असाल तर पालकांसाठी तालुक्याच्या गावी वर्ग, आणि शिकवायला कर्णबधिर शिक्षक, हेही त्यात लिहा.