मदत हवी आहे: व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट केलं, पण पहिली तीन वर्षं फाईलमध्ये आलीच नाहीत

मंडळी, जरा घाईत लिहितेय, कारण फोन कधी मान टाकेल सांगता येत नाही. स्क्रीनच्या उजव्या कडेला हिरवी उभी रेघ होती, ती आता दोन बोटं रुंद झालीये. चार्जरची पिन एका ठरावीक कोनात धरून वर जाडजूड पुस्तक ठेवलं तरच चार्ज होतो. दुरुस्तीवाल्याने फोन हातात घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि "आतलं काही हवंय का?" एवढंच विचारलं. हवंय. त्यासाठीच हा धागा.

लेक २०१६ साली झाली. नवरा तेव्हा नोकरीसाठी बाहेरगावी, शनिवार-रविवारी घरी. त्यामुळे दिवसभर जे काही घडायचं ते मी त्याला व्हॉट्सॲपवर लिहायची. "आज पालथी पडली आणि स्वतःच दचकली." "१०१ आहे, औषध दिलंय, आत्ता झोपलीये, तू फोन करू नको." अशी दोन-तीन वर्षं. 'बाळाची नोंदवही' नावाची छापील वही कुणीतरी भेट दिली होती, तिची पहिली दोन पानं भरली आणि मग ती कपाटात गेली. खरी नोंदवही म्हणजे ते चॅट.

आता काय केलं ते सांगते. चॅट उघडलं, वरची तीन टिंबं, 'मोअर', 'एक्स्पोर्ट चॅट', आणि स्वतःलाच मेल केली. आधी फोटोंसकट करून पाहिलं. फाईल उघडली तर सुरुवात नोव्हेंबर २०२३ पासून! म्हणून मग फोटोंशिवाय केलं. या वेळी सुरुवात ऑगस्ट २०१९ पासून. फोनवर मात्र बोट झिजेपर्यंत वर सरकवलं की २०१६ दिसतं, म्हणजे मेसेज उडालेले नाहीत. माझंच काहीतरी चुकतंय का? आणि जिथे फोटो किंवा आवाज होता तिथे नुसतं 'मीडिया ओमिटेड' आलंय. त्यात एक व्हॉइस नोट आहे, लेक खिडकीला 'किखडी' म्हणायची ती. आता ती नऊ वर्षांची आहे आणि "मी असं म्हणणं शक्यच नाही" असा तिचा दावा आहे. पुरावा हवाच.

फोन अँड्रॉइड, मेमरी काठोकाठ. मी कॉम्प्युटर वापरते, पण कामापुरता. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

जुनाकीबोर्ड:
तुमचं काहीही चुकलेलं नाही. मर्यादाच तेवढी आहे. मीडियासकट एक्स्पोर्ट केलं तर शेवटचे १०,००० मेसेज येतात, मीडियाशिवाय ४०,०००. मेलला जोडायच्या फाईलचा आकार आटोक्यात राहावा म्हणून ही सोय ठेवलेली आहे. आणि मोजणी शेवटाकडून मागे होते, त्यामुळे कात्री लागते ती कायम सुरुवातीला. नेमकं जे जुनं हवं असतं तेच गळतं. 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असा पर्याय तिथे नाही.

यावर वाट आहे, पण ती नंतर. फोनची अवस्था बघता आधी हे करा: ॲप अनइन्स्टॉल करू नका, 'क्लिअर डेटा' करू नका, जागा करायची म्हणून त्या चॅटमधलं काहीही पुसू नका. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि 'अँड्रॉइड' फोल्डरमध्ये 'मीडिया', त्यात 'कॉम.व्हॉट्सॲप', त्यात 'व्हॉट्सॲप' असं जाऊन ते शेवटचं फोल्डर अख्खंच्या अख्खं कॉपी करा. कॉपी. कट नव्हे. मध्येच केबल हलली तर कट केलेल्या फाईली ना इकडच्या ना तिकडच्या.

त्यात 'मीडिया' म्हणून पोटफोल्डर आहे, फोटो-आवाज सगळं तिथे. 'डेटाबेसेस' नावाच्या फोल्डरमध्ये मेसेजचा बॅकअप असतो. ॲप रोज रात्री २ च्या सुमारास तो आपोआप फोनमध्येच करून ठेवतं आणि साधारण गेल्या सात दिवसांच्या फाईली राहतात. त्या कुलूपबंद असतात, नुसत्या उघडून वाचता येणार नाहीत. तरी आत्ता हाताशी आहेत तर घेऊन ठेवा.

धागाकर्ती:
खूप धन्यवाद! पण केबल लावली तर कॉम्प्युटरवर फोनचं नाव दिसतं आणि आत काहीच नाही. रिकामं.

जुनाकीबोर्ड:
केबल लावल्यावर फोन 'फक्त चार्जिंग' धरून बसतो. फोनच्या वरच्या पट्टीत यूएसबीची सूचना आली असेल, तिच्यावर टिचकी मारून 'फाईल ट्रान्सफर' निवडा. स्क्रीनचं लॉकही उघडं ठेवा. आणि केबल डेटावाली आहे ना? काही स्वस्तातल्या केबली नुसत्याच चार्ज करतात.

पायरीवरचा:
एवढं कशाला? गूगल ड्राइव्हवर बॅकअप असेलच ना. नवीन फोन घ्या, तोच नंबर टाका, रिस्टोर म्हणा, संपलं.

अधलंमधलं:
@पायरीवरचा, तोही करावाच, पण ती वेगळी गोष्ट आहे. इथे नेहमी गल्लत होते. बॅकअप परत त्याच ॲपमध्ये ओतण्यासाठी असतो, ड्राइव्हवर जाऊन तो उघडून वाचता येत नाही. एक्स्पोर्टचं बरोबर उलटं: ती साधी टेक्स्ट फाईल, कुठेही वाचा, छापा, पण ॲपमध्ये परत घालता येत नाही. ताईंना चॅट ॲपबाहेर हवंय, लेकीला वीस वर्षांनी वाचता येईल असं. तेव्हा हे ॲप असेल-नसेल.

शिवाय अँड्रॉइडवरचा हा बॅकअप पूर्वी ड्राइव्हच्या हिशेबात धरत नसत, आता तो फुकटच्या १५ जीबीतच मोजतात. तिथे जागा संपली की बॅकअप अडतो, आणि आपण त्या सूचनेकडे महिनोन्महिने बघत नाही. ताई, चॅट बॅकअपच्या पानावर शेवटची तारीख कुठली दिसते तेवढं बघून घ्या.

धागाकर्ती:
बघितली. चौदा महिन्यांपूर्वीची. मला जरा पाणी प्यावं लागलं.
फाईल ट्रान्सफर चालू झालं, कॉपी सुरू आहे. कॉम्प्युटर म्हणतो तीन तास. फोनला हात लावू नका अशी घरात दवंडी पिटलीये.

झोपाळू_मांजर:
मी एकदा सगळे स्क्रीनशॉट काढायला बसले होते. चारशेच्या आसपास बोट आखडलं आणि कुठवर आले होते तेच विसरले. तर ते नको. 'डिलीट झालेले चॅट परत मिळवा' असं म्हणणारी ॲप्ससुद्धा नकोत, आणि एक्स्पोर्टची फाईल चढवा, आम्ही सुंदर पुस्तक करून देतो म्हणणाऱ्या अनोळखी साइट तर अजिबात नकोत. त्या चॅटमध्ये घराचा पत्ता, औषधं, बँकेचे आकडे, भांडणं, काय काय असतं ते आपल्याला आठवतही नसतं.

जुनाकीबोर्ड:
कॉपी झाली असेल असं धरून पुढचं लिहितो. सावकाश वाचा, घाई नाही.

ती कुलूपबंद फाईल उघडायला किल्ली लागते, आणि ती किल्ली तुम्हाला रीतसर मिळू शकते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स', मग 'चॅट बॅकअप', मग 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप', म्हणजे फक्त आपल्याच किल्लीने उघडणारा बॅकअप. ही सोय २०२१ मध्ये आली. चालू करताना पासवर्ड किंवा पासकी (बोटाच्या ठशाने वा स्क्रीन लॉकने उघडणारी) न निवडता '६४ अंकी की'चा पर्याय घ्या. आपल्या कामाला तीच लागते. म्हणायला अंकी, पण तिच्यात इंग्रजी एपासून एफपर्यंतची अक्षरंही असतात. ओ नसतोच, त्यामुळे गोल दिसला की तो शून्य. बी आणि आठ यांच्यात मात्र डोळ्यात तेल घाला. कागदावर लिहा, मग कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावून ताडून पाहा. ही हरवली तर तो बॅकअप कायमचा बंद, कंपनीकडेही दुसरी किल्ली नसते.

मग 'बॅक अप' दाबा. फोनमध्ये जागा नसेल तर हे अडेल, म्हणून कॉम्प्युटरवरची कॉपी दोन-चार ठिकाणी उघडून नीट आहे ना ते बघा आणि मगच फोनमधले ढोबळ व्हिडिओ काढा. सुप्रभातवाले आधी. बॅकअप झाला की 'डेटाबेसेस'मध्ये आजच्या तारखेची, शेवटी 'क्रिप्ट१५' असलेली फाईल दिसेल. तीही कॉम्प्युटरवर घ्या.

आता ती उघडायची. गिटहब या प्रोग्रॅम ठेवायच्या साइटवर 'व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्टर' नावाचं मुक्त स्रोत (आतला कोड कुणालाही बघता येतो असं) साधन आहे, पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतं. त्याला ही फाईल, ती की आणि मीडियाचं फोल्डर द्यायचं. ते प्रत्येक चॅटचं एक वेबपान करून देतं, ब्राउझरमध्ये उघडतं. ४०,००० ची मर्यादा इथे नाही, कारण आपण थेट डेटाबेस वाचतोय. सगळं तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं, कुठे काही चढवायचं नाही. काळी खिडकी, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम द्यायची ती, उघडून दोन ओळी टाइप कराव्या लागतील. तिथे अडलात तर जो एरर येईल तो जसाच्या तसा इथे टाका. फक्त की टाकू नका!

पाटीपेन्सिल:
धाग्यात घुसतोय, माफी. आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपमध्ये मला एक्स्पोर्ट करूच देत नाही. बाकीच्या चॅटमध्ये होतं. माझाही फोन आजारी समजायचा का?

अधलंमधलं:
फोन ठणठणीत असावा. २०२५ मध्ये 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' नावाची सोय आली, ती कुणी त्या ग्रुपला चालू केली असेल तर एक्स्पोर्ट बंद होतं. ग्रुपची माहिती उघडून बघा. चालू असेल तर कुणालातरी आपलं बोलणं बाहेर जायला नकोय असाच अर्थ. पळवाट शोधण्यापेक्षा ग्रुपमध्ये विचारून टाका.

पाटीपेन्सिल:
विचारलं. ज्याने चालू केलं तो म्हणतो "तुझ्यामुळेच". असो.

धागाकर्ती:
परत आले! दोन दिवस लागले, सविस्तर लिहिते, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

की नवऱ्याने वाचली, मी ताडली. एका जागी मी आठ लिहिला होता आणि होता बी. काळ्या खिडकीत पहिल्यांदा काहीच होईना, कारण मी फोल्डरचं नावच चुकीचं लिहीत होते. शेवटी वेबपान तयार झालं. उघडलं, आणि सगळ्यात वर २०१६.

नावांच्या जागी नंबर आलेत, पण बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे अडत नाही. आधी मेल केलेली टेक्स्ट फाईल मात्र मी एक्सेलमध्ये उघडली होती, तर मराठीच्या जागी टोप्या आणि शेपट्या लावलेली कसली तरी इंग्रजी अक्षरं. फाईल खराब झाली का?

तारखांचाही एक घोळ आहे. टेक्स्ट फाईलमध्ये ०३/०४ लिहिलंय, ते ३ एप्रिल की ४ मार्च?

जुनाकीबोर्ड:
वा, अभिनंदन! फाईल चांगली आहे. ती यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या एका पद्धतीत) असते, एक्सेलने तिला दुसऱ्याच लिपीच्या चष्म्यातून वाचलं. तीच फाईल ब्राउझरमध्ये ओढून टाका, किंवा लिबरऑफिसमध्ये (एक्सेलसारखाच फुकट प्रोग्रॅम) उघडताना युनिकोड यूटीएफ-८ निवडा. एक्सेलमध्ये तसंच सेव्ह मात्र करू नका, मग खरंच बिघडेल.

तारखेचा साचा फोनच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे ठरतो. तारखांमधला एखादा १३ च्या पुढचा आकडा शोधा. तो पहिल्या जागी असेल तर दिवस आधी, दुसऱ्या जागी असेल तर महिना आधी.

आणि किखडी?

धागाकर्ती:
तेच सांगायचं राहिलं. व्हॉइस नोट्सच्या फोल्डरमध्ये वर्ष आणि आठवड्याच्या आकड्याची पोटफोल्डरं आहेत, '२०१८११' म्हणजे २०१८ चा अकरावा आठवडा. आम्हाला काही तो आठवडा आठवेना. पण वेबपानावर 'खिडकी' शोधलं तर नवऱ्याचा मेसेज सापडला, "परत पाठव ना तो खिडकीवाला". त्याच्या दोन मेसेज वर ती नोट. ओपस नावाच्या प्रकारातली आवाजाची फाईल आहे, कॉम्प्युटरच्या नेहमीच्या प्लेअरमध्ये वाजेना, व्हीएलसी नावाच्या प्लेअरमध्ये वाजली. आठ सेकंद. पाच सेकंद माझाच आवाज, "काय आहे हे? सांग बाबाला, काय आहे?" आणि मग ते.

लेकीने तीनदा ऐकलं. म्हणाली, हा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

२०१७ मधले बरेच फोटो नाहीत. त्या वर्षी कधीतरी मीच जागा करायला उडवले असणार. नवऱ्याचा जुना फोन माळ्यावर आहे, त्याच्याकडे आलेल्या प्रती त्यात असू शकतात. चार्जर शोधतोय.

सगळ्याच्या दोन प्रती केल्यात, एक पेनड्राइव्हवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर. की पण दोन ठिकाणी लिहून ठेवलीये. त्यातली एक 'बाळाची नोंदवही'च्या तिसऱ्या पानावर.