विषय: लेकीच्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय बदलावं?

नमस्कार मंडळी,

आपल्या मेल-यादीवर या विषयातले जाणकार बरेच आहेत, म्हणून इथे विचारते. लेकीचा गेमिंग कॉम्प्युटर आता थकल्यासारखा वाटतो. रायझेन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबीची एक डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, विंडोजसाठी छोटी साटा (केबलनं जोडलेली) एसएसडी आणि गेमसाठी जुनी हार्ड डिस्क. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झचा. पॉवर सप्लाय ५५० वॉटचा, चांगल्या कंपनीचा.

ती तीन तऱ्हेचे गेम खेळते. मैत्रिणींबरोबर ऑनलाइन नेमबाजी, एकटीनं शहरं वसवणं, आणि अलीकडे एक मोठा, देखणा कथाप्रधान गेम. तिन्ही अडखळतात. तिचं म्हणणं, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घेतलं की सगळं सुटेल. मला यातलं फार कळत नाही, पण पैसे घालायचे तर तिला फरक दिसायला हवा, एवढं मात्र मनापासून वाटतं. काय घ्यावं?

*

उत्तर: लेकीच्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय बदलावं?

ताई, नमस्कार.

कार्ड कदाचित लागेलही, पण आधी मोजून घ्या. तिन्ही गेम अडखळतात म्हणजे तिघांचं कारण एकच आहे, असं नसतं.

गेम चालू असताना एमएसआय आफ्टरबर्नर नावाचा प्रोग्रॅम लावून आकडे पडद्याच्या कोपऱ्यात दिसू द्या. ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण ताकदीनं काम करतंय आणि तेच कमी पडतंय. तोच आकडा ६०-७० वर घुटमळत असेल आणि तरीही फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी येत असतील, तर कार्ड रिकामं बसून कुणाची तरी वाट पाहतंय. बहुतेक वेळा प्रोसेसरची किंवा रॅमची. (फ्रेमवर मर्यादा लावलेली नाही ना, हे आधी बघा. मर्यादा असली की कार्ड आपोआप निवांत दिसतं.)

प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर मात्र जाऊ नका. ३६०० मध्ये ६ कोअर (काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आहेत. गेमचा मुख्य थ्रेड एकटाच पुरता दमला तरी एकूण आकड्यात तो ८ टक्क्यांच्या आसपासच भर घालतो. प्रोसेसर ४० टक्क्यांवर आहे म्हणून तो मोकळा आहे, असं होत नाही. खात्री करायची सोपी रीत म्हणजे गेमचं रिझोल्यूशन एकदम खाली आणायचं. फ्रेम भराभर वाढल्या तर अडचण कार्डाची. जागच्या हलल्याच नाहीत तर कार्ड बदलून उपयोग नाही.

आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे रॅमचा वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत ते वाचून इथे लिहा. तुमचं ‘१६ जीबीची एक’ वाचून मला तिथेच शंका आली आहे.

*

उत्तर: लेकीच्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय बदलावं?

नमस्कार,

माझं मत थोडं वेगळं आहे. तुमच्या बोर्डावरचं एएम४ हे सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) २०१६ चं आहे, त्याच्यावर अजून खर्च कशाला? त्याच्यानंतरचं एएम५ घ्या, डीडीआर५ रॅम घ्या, म्हणजे पुढची काही वर्षं बघायला नको. जुन्यात थोडं थोडं घालत गेलं की शेवटी नव्याएवढाच खर्च होतो, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

*

उत्तर: लेकीच्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय बदलावं?

काका, दादा, दोघांचेही आभार.

काल लेकीबरोबर बसून सगळं मोजलं. तिलाही त्यात गोडी वाटली.

नेमबाजीच्या गेममध्ये कार्ड ६० ते ६५ टक्के. फ्रेम सरासरी ११० दिसतात, पण धुमश्चक्री झाली की क्षणभर ५० च्या खाली. रिझोल्यूशन कमी केलं, काहीच फरक नाही. शहराच्या गेममध्ये कार्ड ४० टक्के, आणि शहर मोठं झालं की सगळं रेंगाळतं. कथेच्या गेममध्ये मात्र कार्ड ९८-९९ टक्के, आणि कार्डाची ६ जीबी मेमरी गच्च भरलेली. भिंतींवरचं चित्र आधी धुरकट दिसतं आणि मग हळूहळू उमटतं.

रॅमचा वेग २१३३ दिसतो. डब्यावर ३२०० लिहिलं आहे. ४ पैकी १ स्लॉट वापरात. आणखी एक, मॉनिटर विंडोजमध्ये ६० हर्ट्झवर होता!

*

उत्तर: लेकीच्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय बदलावं?

ताई, इतकं नीट मोजलंत, फार छान वाटलं. आता बोलणं सोपं आहे.

मॉनिटरचं आजच करा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये, ॲडव्हान्स्ड डिस्प्लेखाली १४४ निवडा. पर्यायच दिसत नसेल तर केबल बघा. जुन्या एचडीएमआय १.४ वर १०८०पीला सहसा १२० च्या पुढे जाता येत नाही. डिस्प्लेपोर्ट वापरा, आणि तिचं टोक ग्राफिक्स कार्डाच्याच पोर्टात हवं. ६० हर्ट्झवर पडदा १६.७ मिलिसेकंदांनी एकदा बदलतो, १४४ वर ६.९ नी. हा फरक हाताला जाणवतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

आता रॅम. डीडीआर४ ची रॅम डब्यावर ३२०० लिहिलेली असली तरी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी ही रॅमचा पूर्ण वेग देणारी सेटिंग (काही बोर्डांवर तिला डीओसीपी म्हणतात) चालू केल्याशिवाय ती सावध वेगानेच धावते. त्यात तुमची रॅमची एकच कांडी, म्हणजे प्रोसेसरकडे जाणारी एकच वाट, एकच चॅनल. २१३३ वर एका चॅनलमधून सेकंदाला १७ जीबीच्या आसपास माहिती जाते. ३२०० वर दोन चॅनलमधून ५१.२ जीबी. सरळ तिप्पट. ३६०० सारख्या प्रोसेसरला याची फार भूक असते, कारण त्याच्या आतल्या भागांना जोडणारी वाटही रॅमच्या वेगाशी बांधलेली आहे. सरासरी फ्रेमपेक्षाही, धुमश्चक्रीत जो क्षणभराचा अडखळा येतो तो यानं कमी होतो, आणि खेळणाऱ्याला तोच जास्त छळतो.

म्हणून पहिली खरेदी रॅमची. जमल्यास एकाच पाकिटातली ८-८ किंवा १६-१६ ची जोडी घ्या. हातात आहे तिच्याशी जुळणारी दुसरी कांडी आणली तरी बहुधा चालते, पण दोन वेगळ्या कांड्या कधी कधी ३२०० वर एकमेकींशी पटवून घेत नाहीत. चार स्लॉटच्या बोर्डावर जोडी सहसा प्रोसेसरकडून मोजलं तर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जाते. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं, ते पाहूनच बसवा.

गेम हार्ड डिस्कवर आहेत, तर एक एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारी) एसएसडीही घ्या. पण समजून घ्या. हार्ड डिस्क सेकंदाला दीड-दोनशे एमबी वाचते, साटा एसएसडी ५५० च्या आसपास, तुमच्या बोर्डावरची पीसीआयई ३.० (जोडणीची जुनी पिढी) एनव्हीएमई ३५०० पर्यंत. हार्ड डिस्कवरून उठून एसएसडीवर आलं की लोडिंगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. साटावरून एनव्हीएमईवर गेलं की गेममध्ये फारसं कळतही नाही. फ्रेम दोन्हींनी वाढत नाहीत. नव्या गेममध्ये चालता चालता पुढचा प्रदेश लोड होताना येणारे धक्के मात्र कमी होतात. पीसीआयई ४.० ची महागडी एसएसडी घेऊ नका, बी४५० तिला निम्म्याच वेगानं चालवेल.

काकांच्या म्हणण्याबद्दल. एएम५ ला जायचं म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही एकदम. एखाद्याचं सगळंच संपलेलं असेल तर मीही तेच सांगेन. पण या बोर्डात अजून एक मोठी जागा शिल्लक आहे, त्याबद्दल पुढच्या मेलमध्ये लिहितो. आधी रॅम बसवून पुन्हा मोजा.

*

उत्तर: लेकीच्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय बदलावं?

कार्डाबद्दल थोडं माझ्याकडूनही.

कथेच्या गेमसाठी कार्ड लागणारच आहे, पण ४०६० वर अडून बसू नका. त्याच्यात ८ जीबी मेमरी आहे. ताईंनी लिहिलेलं ते धुरकट चित्र म्हणजे मेमरी संपल्याची खूण आहे, आणि २०२३ पासूनच्या बऱ्याच मोठ्या गेममध्ये ८ जीबीसुद्धा वरच्या सेटिंगला अपुरी पडते. १०८०पी आणि मध्यम टेक्स्चर (भिंती, जमिनीवरची चित्रं) असेल तर ठीक. अनेक वर्षं वापरायचं तर १२ किंवा १६ जीबीचं बघा.

इंटेलचं आर्क बी५८० हे २०२४ च्या डिसेंबरात आलेलं कार्ड १२ जीबीचं आहे म्हणून लोक आवर्जून सुचवतात. या कॉम्प्युटरला ते मी सुचवणार नाही. त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, आणि ३६०० च्या पिढीबरोबर ते अपेक्षेपेक्षा बरंच मागे पडतं, हे चाचण्यांमध्ये स्पष्ट दिसलं आहे. चांगलं कार्ड आहे, पण जोडीदार नवा हवा.

आणि पॉवर सप्लाय बदलायची गरज नाही. ४०६० ला ११५ वॉट लागतात, म्हणजे आत्ताच्या १६६० सुपरच्या १२५ पेक्षाही कमी. उद्या कधी बदललाच, तर जुन्या सप्लायच्या केबल नव्याला चुकूनही लावू नका. सप्लायकडच्या बाजूला कुठल्या पिनेत काय हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. केबल नीट बसते आणि डिस्क जळते.

*

उत्तर: लेकीच्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय बदलावं?

मंडळी,

रॅमची जोडी बसवली, एक्सएमपी चालू केलं, टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दिसतंय. मॉनिटर १४४ वर आहे. नेमबाजीत आता खालचा आकडा ८० च्या आसपास राहतो. लेक म्हणाली, ‘आई, वळताना चित्र फाटत नाही.’ तिचा चेहरा बघून फार बरं वाटलं. तो गेम तिच्या दृष्टीनं सुटला.

शहराचा गेम सुधारला, पण मोठं शहर अजून रेंगाळतं. आणि आता तीच म्हणते की कथेचा गेम संपत आलाय, कार्डाची घाई नाही, शहर आधी. दादा, तुम्ही म्हणालात ती शिल्लक जागा कुठली?

*

उत्तर: लेकीच्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय बदलावं?

ताई, प्रोसेसरची. त्याच बोर्डावर ५००० मालिकेचा रायझेन बसतो.

३६०० मध्ये ३२ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे, पण ती १६-१६ अशी दोन घरांत वाटलेली, आणि प्रत्येक घरात ३ कोअर. एका घरातल्याला दुसरीकडचं काही हवं असलं की वळसा पडतो. रायझेन ५ ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच घरात आणि ३२ एमबी सगळ्यांची सामाईक. ५८००एक्स३डी, जो एप्रिल २०२२ मध्ये आला, त्याच्यात तर ९६ एमबी. शहरातली हजारो माणसं आणि गाड्या कुठे निघाल्या आहेत याचा हिशेब सतत चालू असतो, आणि तो जितका कॅशमध्ये मावेल तितकं रॅमपर्यंत जावं लागत नाही. अशा गेममध्ये एक्स३डीचा जो फायदा दिसतो, तो कुठल्याही ग्राफिक्स कार्डानं मिळणार नाही. ५८००एक्स३डी किंवा त्याचा धाकटा भाऊ ५७००एक्स३डी खात्रीच्या माणसाकडून वापरलेला मिळाला तरी घ्या. नाही मिळाला तर ५६०० घ्या, तोही चांगली मजल मारतो. एक्स३डीबरोबर कूलर येत नाही, आणि ३६०० बरोबर आलेला छोटा कूलर त्याला पुरणार नाही. तेवढा खर्च धरून चला.

काम या क्रमानं करा. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अद्ययावत करा, एक्स३डीसाठी २०२२ च्या मध्यानंतरचा हवा. आधी प्रोसेसर बदलला आणि बायोस जुना असला तर पडदा काळाच राहील. बायोसला हात लावण्याआधीच, विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा किंवा तेवढ्यापुरतं बिटलॉकर थांबवा. सुरक्षेची किल्ली प्रोसेसरमध्ये असते आणि तो बदलला की विंडोज ती रिकव्हरी की मागतं.

मग एखादा गेम दहा-पंधरा मिनिटं चालवा, म्हणजे कूलरखालची पेस्ट ऊन होईल. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, स्क्रू सोडवा आणि कूलर सरळ वर ओढू नका. डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत सैल करा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. थंड, वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते, आणि कूलर ओढला की बंद सॉकेटमधून प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो. पिना वाकतात त्या अशाच. कूलर सुटला की बाजूची दांडी उभी करा, प्रोसेसर अलगद उचलला जाईल. नवा ठेवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. तो स्वतःच्या वजनानं आत बसला पाहिजे, दाबायचं नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी पुन्हा बघा. बायोस बदलला की ते बहुतेक वेळा बंद होतं.