जुलैमध्ये साओ पाउलोला जातेय, स्वेटर नेऊ का? आणि एअरपोर्टवरून कसं जायचं?

कोथरूडची_चिऊ
ऑफिसच्या कामाने तीन महिने साओ पाउलोला जायचंय, पहिल्यांदाच. राहायची सोय पाउलिस्ता अव्हेन्यूजवळ, ऑफिस बेरिनी भागात. आई म्हणते ब्राझील म्हणजे उकाडा, कॉटनचेच कपडे ने. मोबाइलवर मात्र रात्रीचं १२ डिग्री दाखवतंय, खरंय का हे? फ्लाइट ग्वारुल्योसला संध्याकाळी पाचला उतरते, दोन मोठ्या बॅगा. कॅब का ट्रेन? बसचंही सांगा, पीएमपीएमएलमध्ये वाढलेय त्यामुळे काहीही चालेल 😄

सदाशिव_ते_साओपाउलो
आईंना सांगा, तिकडे जून ते ऑगस्ट हिवाळा. शहर साधारण ७६० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या पुण्याहून दोनेकशे मीटर उंच, त्यामुळे दुपारी २२-२३ आणि रात्री १२ च्या आसपास, थंडीची लाट आली की दहाच्याही खाली. आणि खरी थंडी बाहेर नाही, घरात वाजते, कारण हीटर बहुतेक घरांत नसतातच. मी पहिला आठवडा जॅकेट घालून झोपलो होतो. अंघोळीला गीझर शोधू नका, शॉवरच्या तोंडातच कॉइल असते, पाणी बारीक सोडलं तर कढत आणि नळ मोठा केला की गार, दोन दिवसांत हात बसतो. पाऊस तेव्हा कमीच, छत्रीची खरी गरज डिसेंबर ते मार्च, दुपारी आभाळ भरून येतं आणि तासाभरात रस्त्याची नदी.

एअरपोर्ट सेंटरपासून साधारण २५ किमी आहे. पण पाचला उतरून इमिग्रेशन, बॅगा करून बाहेर यायला साडेसहा वाजणार, नेमकी तिएते नदीकाठच्या रस्त्याची गर्दीची वेळ. १३ नंबरची लोकल २०१८ पासून आहे, स्टेशन टर्मिनलच्या आत नाहीये, तिथपर्यंत वेगळं जावं लागतं. थेट लूझला जाणारी गाडी मिळाली तर सोनं, लूझहून पिवळी मेट्रो, तिसरं स्टेशन पाउलिस्ता. नाहीतर एंजेन्येरो गुलार्तला बदलून ब्रास, आणि ब्रासची संध्याकाळची गर्दी दोन बॅगा घेऊन, नको रे बाबा.

चांदणीचौक_ग्रस्त
वरच्याशी अर्धा सहमत. मी शुक्रवारी संध्याकाळी कॅब केली, अडीच तास लागले, ड्रायव्हरला पोर्तुगीज सोडून काही येईना, मी मराठीत वैतागलो, तो पोर्तुगीजमध्ये, मजा आली. तरी बॅगा असतील तर कॅबच करा, फक्त एक-दोन तास एअरपोर्टवर कॉफी पिऊन गर्दी उतरू द्या.

बसचं म्हणाल तर हात दाखवल्याशिवाय थांबत नाही आणि आत मध्येच फिरतं गेट असतं, त्यातून माणूस कसाबसा जातो, सूटकेस जातच नाही. मी एकदा अडकलोय, पूर्ण बस माझ्याकडे बघत होती. रोजच्यासाठी बिल्येत उनिको कार्ड काढा, तीन तासांत चार बस एकाच भाड्यात. ऑफिसला मात्र बस नकोच, पाउलिस्ताहून पिवळी लाइन पिन्येरोस, तिथून नदीकाठची ९ नंबरची लोकल थेट बेरिनी.

कोथरूडची_चिऊ
भारी! तिकडे गाडी भाड्याने घेऊन फिरता येईल का?

सदाशिव_ते_साओपाउलो
ताई, नका. १९९७ पासून नंबर प्लेटच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे आठवड्यातला एक दिवस, सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८, सेंटरच्या भागात गाडी काढता येत नाही, दंड बसतो. पुण्यात केलं तर मोर्चेच निघतील 😂 रविवारी पाउलिस्तावर गाड्या बंद असतात, चालत फिरा. आणि यलो फीव्हरची लस घेतलीत का? परतताना आपल्याकडे सर्टिफिकेट मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

कोथरूडची_चिऊ
अरे देवा, हे कुणीच सांगितलं नव्हतं! उद्याच अपॉइंटमेंट बघते. आई स्वेटर शोधायला माळ्यावर चढलीये.