ओटागोची यादी आणि आंब्याचा हंगाम

माई (ब-२०१): सर्वांना नमस्कार. काल रात्री सचिवांनी ग्रुपवर टाकलेल्या न्यूझीलंडच्या सायकल सहलीच्या यादीत आमच्या ह्यांचे नाव चौथ्या क्रमांकावर आहे. ते कोणाला विचारून घातले, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. गेल्या पावसाळ्यात कोणाच्या गुडघ्यात पाणी झाले होते आणि जिना चढताना कोणाला आधार लागत होता, हे या इमारतीत मी नव्याने सांगायला नको. शिवाय बरोबर वाटाड्या नाही, मागून येणारी गाडी नाही, सगळे आपले आपण करायचे, ही गोष्ट त्या यादीच्या अगदी तळाशी लिहिली आहे. ती सर्वांत वर लिहायला हवी होती.

सचिव: माई, आपला राग समजू शकतो, तरी यादी केवळ इच्छुकांची आहे हे नम्रपणे नमूद करतो. गच्चीवरच्या बैठकीत अण्णांनी स्वतः हात वर केला होता.

वकीलकाका (क-१०४): मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. तो हात डासासाठी वर गेला होता.

सचिव: वकीलसाहेब, विषयाला धरून बोलावे ही विनंती. जे बैठकीला नव्हते त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो. ओटागो सेंट्रल रेल ट्रेल हा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील क्लाइड ते मिडलमार्च असा १५२ किलोमीटरचा मार्ग आहे. तेथील रेल्वे १९९० मध्ये बंद झाली, रूळ उखडले गेले आणि २००० साली त्याच वाटेवर सायकलस्वारांसाठी आणि पायी जाणाऱ्यांसाठी संपूर्ण मार्ग खुला झाला. या वाटेवर मोटारी नसतात, प्रवेशाला शुल्क नाही आणि साधारणपणे तीन ते पाच दिवसांत लोक ती पूर्ण करतात.

भाऊ (अ-३०२): मार्च-एप्रिल सोडून कोणतीही तारीख ठरवावी. हे मी बैठकीतही सांगितले होते.

बाळू (ब-४०३): मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. इतके पैसे घालून तिकडे जाण्यापेक्षा आपल्याच कोकण रेल्वेच्या कडेने सायकलने का जाऊ नये?

नाना (अ-१०१): बाळू, ज्या मार्गावर मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली, त्याच्याविषयी असा प्रश्न माझ्याच इमारतीतून यावा, याचे नवल वाटते. आपली रेल्वे चालू आहे. १९९८ पासून रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर गाड्या धावत आहेत, आणि रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम १४७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रूळ उखडलेली वाट मिळायची तर आधी रेल्वे मरावी लागते, आणि कोकणात ती मरावी असे निदान माझ्यासमोर तरी कोणी म्हणू नये.

आता माईंच्या काळजीविषयी. रेल्वेची वाट सायकलला सोयीची का, याचे कारण चढ हे आहे. वाफेच्या इंजिनाला उभा चढ झेपत नसल्यामुळे ओटागोत ५० मीटरला १ मीटर याहून अधिक चढ कोठेही ठेवलेला नाही. कोकण रेल्वेने तर १५० ला १ हा दंडक पाळला, म्हणून आपल्याला इतके बोगदे आणि पूल करावे लागले. तेथील सर्वांत उंच जागा वेडरबर्न आणि ओटुरेहुआ यांच्या मध्ये ६१८ मीटरवर आहे, पण तेथवर माणूस हळूहळू चढत जातो आणि चढलो हे त्याच्या लक्षातही येत नाही. तेथल्या पूलबर्नच्या ३७ मीटर उंच पुलाचे ते लोक फार कौतुक करतात. आपला पानवलचा पूल ६४ मीटर आहे, पण त्यावरून सायकल नेता येत नाही, हे मान्य करतो.

माई: नानांचे गणित बरोबर असेल. पण चढ सौम्य असला म्हणून अंतर कमी होत नाही. दिवसाकाठी चाळीस किलोमीटर पाय फिरवायचे आहेत, आणि वाटेत गुडघा दुखला तर ५० ला १ हा आकडा गुडघ्याला कोण सांगणार?

डॉक्टरताई (क-३०१): माईंच्या मुद्द्यात तथ्य आहे. अण्णांना तपासल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. विद्युत सायकल हा एक पर्याय आहे, पण ती येथून नेता येणार नाही, कारण १६० वॉट-तासांहून मोठी बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत आणि सायकलची बॅटरी त्याच्या कितीतरी पट असते. ती तिकडेच भाड्याने मिळते. दुसरे असे की तेथे अपघाताने झालेल्या दुखापतीच्या उपचारांत परदेशी पाहुण्यांनाही सरकारी योजनेची मदत मिळते. मात्र आजारपण आणि मायदेशी परतण्याचा खर्च त्यात येत नाही. त्यामुळे प्रवासविमा सर्वांना सक्तीचा असावा, आणि ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी तो अर्जात लपवू नये. मी कोणाविषयी बोलते आहे, ते त्यांना कळले असेल.

भाऊ: मार्च-एप्रिल सोडून.

वकीलकाका: भाऊ, आम्हाला दिसले.

सचिव: भाऊंचा मुद्दा आता घेऊन टाकू. तिकडचे ऋतू उलटे असल्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा असतो आणि तापमान तिशीच्या वर जाते. जून-जुलैत रात्री पाणी गोठते. मार्च-एप्रिलमध्ये हवा उत्तम असते आणि झाडांची पाने पिवळी होतात, म्हणून समितीने एप्रिलचा पहिला आठवडा सुचवला होता.

भाऊ: समितीत एकही बागायतदार नाही, हे यावरून स्पष्ट होते. एप्रिलमध्ये काढणी ऐन भरात असते. गडी मिळत नाहीत, पेट्या भरायच्या असतात आणि वाशीला रोज गाडी जाते. त्या वेळी मी क्लाइडमध्ये पिवळी पाने पाहत बसलो, तर घरचे मला परत आत घेणार नाहीत.

काकू (क-२०२): आणि मार्चमध्ये शिमगा आहे. भैरीची पालखी निघालेली असताना इमारतीतली अर्धी माणसे परदेशात, हे कोणाला शोभेल असे मला वाटत नाही.

वकीलकाका: मग नोव्हेंबर घ्या.

भाऊ: नोव्हेंबरअखेरीस मोहराची फवारणी सुरू होते.

वकीलकाका: म्हणजे भाऊंना मोकळीक फक्त पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात ओटागोत बर्फ. एकट्या भाऊंना आइस्क्रीमच्या पेटीत घालून पाठवू.

भाऊ: थट्टा करावी, पण सहलीच्या वर्गणीतला सर्वांत मोठा आगाऊ धनादेश कोणाचा आहे, हे सचिवांनी एकदा ग्रुपवर सांगावे.

सचिव: वर्गणीचा हिशेब ग्रुपवर मांडला जाणार नाही. भाऊंनी कृपया गैरसमज करून घेऊ नये.

बाळू: नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा तिकडे वसंताचा असतो. वारा असेल, पण ऊन फार नसेल. ते खोरे न्यूझीलंडमधील सर्वांत कोरड्या भागात आहे. अलेक्झांड्रा गावात वर्षभरात साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, जो आपल्याकडे जुलैतल्या दोन-तीन दिवसांत पडून जातो. त्यामुळे रेनकोटपेक्षा पाण्याच्या बाटल्या अधिक लागतील. वाटेत दर वळणावर टपरी नसते.

काकू: खाण्याचे काय करायचे? मी जवळा, आमसुले, मेतकूट आणि थोडे मोदकाचे पीठ देऊ शकेन. हापूस नसला तर आंबापोळी देते.

डॉक्टरताई: काकू, तिकडच्या विमानतळावर प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो. मध आणि ताजी फळे नेता येत नाहीत. जाहीर न केलेला पदार्थ सापडल्यास जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. जवळ्याचा वास तर त्यांच्या कुत्र्यांना धावपट्टीवरच येईल. बूटही माती काढून स्वच्छ न्यायचे आहेत. भाऊ, बागेतले बूट घरीच ठेवावेत.

माई: कोणी मूळ मुद्द्याकडे येईल का? मी वाटाड्याविषयी विचारले होते. मोदकाविषयी नव्हे.

नाना: येतो. वाटाड्याची गरज रस्ता चुकू नये म्हणून असते, आणि रेल्वेची वाट चुकता येत नाही. खरी अडचण मुक्कामांची आहे. क्लाइड ते अलेक्झांड्रा आठ किलोमीटर, पुढे चॅटो क्रीक, ओमाकाऊ करत लॉडरपर्यंत क्लाइडपासून ४४ च्या सुमारास, मग पूलबर्नची घळ, ओटुरेहुआ, वेडरबर्न, रॅनफर्ली, हाइड, आणि शेवटी सत्तावीसच्या आसपास किलोमीटरवर मिडलमार्च. यातली पुष्कळ गावे आपल्या वाडीएवढी आहेत. आपण दहा-बारा माणसे अचानक संध्याकाळी दारात उभी राहिलो, तर झोपायला जागा मिळणार नाही. म्हणून आधी खोल्या धरायच्या, मग विमान, मग सायकली. एकदा खोल्या धरल्या की दमलो म्हणून अलीकडे थांबता येत नाही, आणि म्हणून टप्पे सर्वांत सावकाश जाणाऱ्याच्या बेताने आखले पाहिजेत. सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणारे व्यावसायिक तेथे आहेत, ते घ्यावेत.

पूलबर्नच्या घळीत दोन बोगदे आहेत, त्यांत दिवे नाहीत. विजेरी प्रत्येकाजवळ हवी. आमच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरपुढे ते काहीच नाहीत, पण अंधार तो अंधारच. हाइडजवळ उतरून दोन मिनिटे थांबावे, अशी माझी सूचना आहे. ४ जून १९४३ रोजी तेथील वळणावर प्रमाणाबाहेर वेगाने आलेली गाडी घसरून २१ माणसे गेली. रेल्वेत काम केलेल्या माणसाला अशा जागेवरून तसेच पुढे जाववत नाही.

सचिव: नानांचे आभार. चार टप्पे असे सुचवतो: लॉडर, रॅनफर्ली, हाइड, मिडलमार्च.

माई: पहिले दोन्ही दिवस चाळिशीच्या वर जातात. पाच दिवस करावेत.

बाळू: पाच केले तर तरुणांना कंटाळा येईल.

माई: तरुणांनी पुढे जाऊन चहा ठेवावा.

बाळू: मग माझी एकच अट आहे, आणि ती मी तिसऱ्यांदा मांडतो आहे. आधी आपण येथे सराव करावा. येथून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे २५ किलोमीटरच्या आसपास आहे, आणि आरे-वाऱ्याचा चढ ओटागोतल्या कोणत्याही चढापेक्षा उभा आहे. तो जमला तर पुढच्या महिन्यात जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरून गुहागर, आणि तेथून धोपावे-दाभोळची फेरीबोट घेऊन दापोलीपर्यंत जाता येईल. तेथेही वाटाड्या नको. खोल्या आपणच धरायच्या, पंक्चर आपणच काढायचे आणि ज्याची ट्यूब संपेल त्याने दुसऱ्याकडे मागायची. ज्यांना हे करायचे नाही, त्यांनी न्यूझीलंडचे नाव काढू नये.

वकीलकाका: लहान तोंडी मोठा घास घेतलास, पण घास बरोबर आहे.

अण्णा (ब-२०१): मी रविवारी येतो. आरे-वाऱ्याला उतरून ढकलत नेईन. हात डासासाठी वर केला नव्हता.

माई: ते आमचे आम्ही घरी बोलू. डॉक्टरताई, उद्या सकाळी यांना घेऊन येते.

भाऊ: नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा मला चालेल. तो दिवाळीनंतरचा असावा आणि २० तारखेच्या आत परत यावे. मात्र मार्च-एप्रिल सोडून, हे इतिवृत्तात नोंदवावे.

सचिव: नोंदवले. दिवाळी त्या पंधरवड्यात येते का, हे पंचांग पाहून कळवतो. दरम्यान कोणीही परस्पर विमानाची तिकिटे काढू नयेत. गेल्या वर्षीच्या गोव्याच्या सहलीत काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे.

काकू: त्याला जबाबदार कोण होते, तेही सर्वांना ठाऊक आहे.

सचिव: काकू, तो विषय आज नको.

बाळू: रविवारी पहाटे साडेपाचला फाटकाशी जमावे. हेल्मेट नसलेल्यांना नेणार नाही. न्यूझीलंडमध्ये कायद्यानेच ते सक्तीचे आहे, तेव्हा आतापासून सवय झालेली बरी. शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सर्वांच्या सायकलींचे ब्रेक आणि हवा तपासू. उभा पंप कोणाकडे आहे?

वकीलकाका: पंप माझा आहे आणि गेल्या दिवाळीपासून अ विंगमध्ये आहे. कोणाच्या घरात आहे, ते मी सौजन्याने लिहीत नाही. शनिवारी दुपारपर्यंत तो माझ्या दाराशी ठेवावा, नळीसकट.